कोकणात जुनी मोटारसायकल घेताना: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा किक मारतो, आवाज ऐकतो आणि तिथेच पाघळतो. मग पत्र्याला लावलेली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) दिसत नाही, आरसी बुकावरचं नाव वाचायचं राहून जातं. बघायचा क्रम बरोबर उलटा ठेवा. इंजिन बिघडलेलं असलं तरी चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ कुठेही जुना मेस्त्री गाठून ते उभं करता येतं. कुजलेली चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि मेलेले कागद कोणी उभे करून देत नाही, आणि किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी जरा जास्तच सापडतात.

हा लेख १०० ते २५० सीसीच्या, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांबद्दल आहे. दिवसाला ८०-१०० किलोमीटर, मध्ये चहा, खाडीवर फेरीबोटीची वाट बघणं, असं फिरणाऱ्यांसाठी. अडीच तासांत गोवा गाठायचा असेल तर या गाड्यांच्या वाटेला जाऊ नका.

१. गाडी कोणती घ्यायची ते घरीच ठरवा

हिरो होंडा सीडी १००: १९८५ ला आली, ९७ सीसी, फोर स्ट्रोक. दिसायला साधी, म्हणून हौशी लोक नाक मुरडतात. पण पहिलीच जुनी गाडी असेल तर आमचं मत हिलाच. क्लच प्लेट, केबल, ब्रेक लायनर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात, कारण पुढच्या स्प्लेंडरचं बरंच सामान हिला चालतं.

यामाहा आरएक्स १००: १९८५ ते १९९६, ९८ सीसी, टू स्ट्रोक (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारं इंजिन). चालवायला गंमत आहे, पण मोबाइलवरच्या रिळांमुळे (छोट्या व्हिडिओंमुळे) भाव भलतेच चढलेत आणि त्यामुळे बनावटही वाढली. आरएक्स १३५ चं इंजिन घातलेल्या, दोन गाड्यांची एक केलेल्या गाड्या सर्रास 'ओरिजिनल' म्हणून विकल्या जातात.

येझदी रोडकिंग: २५० सीसी, टू स्ट्रोक, दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून वर वळवला की तोच किक होतो. पहिल्या दिवशी नडगी फुटते, दुसऱ्या दिवशी सवय होते. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तरी हौशी लोकांमुळे सामान अजून निघतं.

राजदूत १७५: तीनच गिअर, दणकट, दूधवाल्यांची गाडी. स्वस्त मिळते. चढाला दम लागतो.

जुनी कास्ट आयर्न बुलेट या यादीत बसत नाही. वजनाने जड आहे, आणि हिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात असतो. आयुष्यभर उलटी सवय असलेल्या माणसाने फेरीबोटीच्या ओल्या उतारावर हा प्रयोग करू नये.

२. कागद

गाडी बघायला निघण्याआधी नंबर मागून घ्या आणि परिवहनच्या ॲपवर टाका. मालकाच्या नावातली काही अक्षरं, नोंदणीची मुदत, बोजा, काळी यादी हे तिथे दिसतं. एमएच-०६ म्हणजे पेण, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना तीन अक्षरी जुना नंबर असतो आणि तो ॲपवर बरेचदा सापडतच नाही. याचा अर्थ गाडी चोरीची आहे असा नाही. जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढलेली नाही इतकाच. मात्र ती 'बॅकलॉग' नोंद विकणाऱ्यानेच करून घ्यायची, आणि ती झाल्यावरच पैसे मोजायचे. 'तुम्ही घ्या, नंतर सहज होईल' याला भुलू नका.

गाडीजवळ पोचल्यावर आधी चेसिस नंबर. तो बहुतेक गाड्यांत हँडलच्या खाली, मुंडीवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर. तिथली माती रॉकेलच्या चिंधीने पुसा, पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी फिरवा. आकडे कागदावर उमटतात. ओळ सरळ हवी, आकड्यांची खोली सारखी हवी. एखादा आकडा ठळक आणि तिरका उमटला, किंवा आजूबाजूचा पत्रा घासून गुळगुळीत झालेला बोटाला लागला, तर चहा घ्या आणि परत या. हाच पेन्सिल छाप पुढे परिवहन कार्यालयातही लागणार आहे, म्हणून दोन प्रती काढून ठेवा.

पुढचा प्रश्न मालकाचा. कोकणातली अर्धीअधिक जुनी गाडी पडवीत उभी असते, आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा नसतात. अशा वेळी कोकणातल्या जमिनीसारखीच गाडीही सामायिक निघते: एक मुलगा गावात, दोन मुंबईत, एक बहीण पुण्यात. गावातला भाऊ पैसे घेऊन चावी देईल, पण कागदावर त्याची एकट्याची सही चालत नाही. आधी नमुना ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. ती गोळा करायची सोपी वेळ म्हणजे गणपती. सगळे चाकरमानी एका घरात असतात.

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी. हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि नमुना २६ वर दुसरी प्रत
- नमुना २९ आणि ३० (कार्यालयाबाहेर याला 'टीटी फॉर्म' म्हणतात), विकणाऱ्याच्या सहीसह
- नमुना ३५, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर. १९९२ साली फेडलेलं कर्जही अजून चढलेलं असू शकतं. ती पतसंस्था बुडाली असेल तर हे काम फार रखडतं
- नमुना २८, म्हणजे ना हरकत, गाडी बेळगाव किंवा गोव्याची असेल तर. महाराष्ट्रात आणल्यावर इथला करही भरावा लागतो, तो किमतीत धरा
- नमुना २५, पासिंग (नोंदणीची मुदत) संपलं असेल तर
- चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र व पत्त्याचे पुरावे, फोटो, पेन्सिल छाप

विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो हे नियमात आहे. सह्या केलेला कोरा टीटी फॉर्म हातोहात चार मालक फिरून आलेला असेल तर तो विकणारा आज कुठे आहे हे आधी शोधा.

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी रिपासिंग. त्यासाठी गाडी चालत्या स्थितीत दाखवावी लागते: दिवे, हॉर्न, ब्रेक, आरसे, नवीन पद्धतीची नंबर प्लेट. वर पर्यावरण कर. फी कुणाच्या सांगण्यावर धरू नका. २०२२ च्या एप्रिलात दुचाकीची ३०० ची १००० झाली, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये पुन्हा वाढली. मुदत उलटून गेली असेल तर महिन्यागणिक दंड चढतो, तो कोण भरणार हे भाव ठरतानाच बोला.

'विंटेज' या शब्दाचा एक सापळा आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. फिरायला घ्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

३. पत्रा

एकाच वर्षाच्या दोन गाड्या, एक हर्णैला समुद्रासमोर उभी असलेली आणि एक साताऱ्याला, शेजारी ठेवल्या तर फरक सांगावा लागत नाही. म्हणून शक्य असेल तर गाडी घाटावरून आणा. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या गाडीचं इंजिन जास्त घासलेलं असेल, पण चेसिस जिवंत असते.

बघायला जाताना खिशात लहान लोहचुंबक, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवा. चुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथे सुटतो तिथे आत पत्रा नाही, लांबी आहे. टाकीचं झाकण उघडून टॉर्चचा उजेड तळाशी टाका. तळ तपकिरी असणं चालतं, पण पापुद्रे दिसले तर ते कार्ब्युरेटरमध्ये उतरत राहणार. टाकीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, तिथे ओल लागली तर टाकी आतून गेली आहे.

मग गाडीखाली आडवे व्हा. लाज वाटू देऊ नका. बॅटरीच्या पेटीखालचा पाइप, मधल्या स्टँडचे कान, मागच्या चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांची) खालची बाजू, सीटखाली पाणी साठतं तो कोपरा या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. निरोगी पाइप टणकन वाजतो. कुजलेला भद्द आवाज देतो, आणि कधीकधी रंगाचा पापुद्रा खाली पडून आत लालभडक भुकटी दिसते. बॅटरीच्या पेटीजवळ ती हमखास सापडते, कारण ॲसिड आणि खारी हवा दोन्ही तिथे काम करतात. पाइप कुजलेला असेल तर 'वेल्डिंग मारून देतो' हा उपाय मान्य करू नका. मडगार्ड आणि साइड कव्हर कुजलेलं चालेल, ते बदलतात.

मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खटखट झाली तर चिमट्याचे बुश किंवा बेअरिंग गेलं आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) बदलायचा. ही कामं स्वस्त आहेत, पण भाव पाडायला उपयोगी पडतात.

४. इंजिन

गाडी थंड असतानाच बघायची. तुम्ही पोचण्याआधी विकणाऱ्याने ती गरम करून ठेवली असेल तर इंजिनाला हात लावून कळेल. थंड होईपर्यंत थांबा.

किक हाताने दाबा. मध्ये कुठेतरी घट्ट अडकून क्षणभर थांबायला हवी. सरळ खाली गेली तर बोर-रिंगचं काम आहे, म्हणजे सिलेंडरचं भोक आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. बोर आधी किती वेळा मारला (भोक घासून मोठं केलं) आहे ते विचारा. पिस्टन साधारण ०.२५ मिमीच्या टप्प्याने १.०० मिमीपर्यंत मोठा मिळतो, आणि माप पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेलं असतं. शेवटच्या मापाला पोचलेल्या गाडीला पुढच्या वेळी नवीन स्लीव्ह (सिलेंडरची आतली नळी) लागणार.

टू स्ट्रोकचा धूर नीट वाचता आला पाहिजे. सुरू होताना थोडा धूर येणारच. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे आणि इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल पितं आहे. दुसऱ्या बाजूचं, मॅग्नेटोकडचं सील गेलं तर धूर येत नाही, उलट तिथून नुसती हवा ओढली जाते. गाडी गरम झाली की आयडलिंग आपोआप चढत जातं. पिस्टन धरायची, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये अडकायची, ही पूर्वसूचना आहे. विकणारा 'गाडी किती फ्री आहे बघा' म्हणून याचंच कौतुक करतो.

आरएक्स १०० घेताना एक प्रश्न विचाराच: ऑइल पंप आहे की काढून टाकलाय? या गाडीला टू-टी ऑइलची (टू स्ट्रोकसाठीच्या ऑइलची) वेगळी टाकी असते आणि पंप ते इंजिनात सोडतो. पंपावर विश्वास नसलेल्या मेस्त्रींनी तो काढून पेट्रोलमध्ये मिसळायची सोय केलेली असते. हे माहीत नसताना नुसतं पेट्रोल भरलंत तर पहिल्याच घाटात पिस्टन धरेल.

५. पहिला महिना

गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश पैसे बाजूला ठेवा आणि विकणाऱ्याचं 'सगळं नवीन टाकलंय' हे ऐकून सोडून द्या. दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेक लायनर, सगळ्या केबल, चेन सॉकेट, प्लग, पेट्रोल पाइप बदला. टायरवर नक्षी दिसत असली तरी बाजूला चिरा असतील तर तो गेलाच. पॉइंटच्या (ठिणगी पाडणारी जुनी स्विचची जोडी असलेल्या) गाडीला पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही एकदम बदला. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगची ०.६ ते ०.७ मिमी, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी).

पेट्रोलचंही बघावं लागतं. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतली ओल ओढतं. कोकणच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी आतून गंजते. पेट्रोल पाइप, कॉकचं (पेट्रोलच्या तोटीचं) रबर, फ्लोटची सुई नवीन बसवा, आणि गाडी वापरत असाल तर टाकी भरलेली ठेवा. चढाला दम तोडत असेल, प्लग पांढराफटक निघत असेल तर मेस्त्रीकडून कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा करून बघा.

येझदीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं प्रमाण साधारण लिटरला ४० मिलि, म्हणजे ५ लिटरला २०० मिलि. ऑइल आधी टाकीत ओतायचं, वरून पेट्रोल, म्हणजे धारेने ढवळलं जातं. घरी पोचायच्या शंभरेक मीटर आधी कॉक बंद करायची सवय लावा. नाहीतर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, ऑइल चिकट होऊन जेटमध्ये बसतं आणि दुसऱ्या रविवारी तुम्ही किक मारत बसता.

६. सीटखाली आणि पिशवीत

- ८ ते १९ चे पाने, प्लगचा पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज
- दोन प्लग, चेन लॉक, मागची-पुढची एकेक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, हातपंप
- क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल
- हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, वायरचा तुकडा, टेप, हातभर बाइंडिंग तार
- टू-टी ऑइल २०० मिलि, बारीक पॉलिश पेपर

नवीन क्लच केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या बाजूने, टोकाला ग्रीस लावून, टेपने बांधून ठेवा. तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत बदलता येते.

७. रस्त्यावर

मुंबई-गोवा महामार्ग टाळा. मागे ट्रक आणि पुढे अचानक थांबणारी एसटी असताना ड्रम ब्रेक पुरे पडत नाहीत. किनाऱ्याच्या रेवस-रेडी रस्त्याची चाल ठरलेली आहे: खाडी, उभा चढ, वर कातळाचा सडा, पुन्हा उतार, पुढची खाडी. १०० सीसीवर दोघं आणि सामान असेल तर चढाला दुसऱ्या गिअरवर कुथत राहू नका, सरळ पहिला टाका.

उतार जास्त जपायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर बंद म्हणजे ऑइलही बंद. आंबोली किंवा आंबा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरलात तर इंजिन जोरात फिरतं आणि कोरडं फिरतं. दर थोड्या वेळाने क्लच दाबून ॲक्सिलरेटर एकदा द्या. टू स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक तसाही कमीच, त्यामुळे ड्रम तापतात. मुठीचा दाब सैल लागायला लागला की वळणावर जागा बघून दहा मिनिटं थांबा.

दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे, गुहागर, मग तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी हा दोन दिवसांचा रस्ता पहिल्या फेरीला योग्य आहे. दोन्ही फेरीबोटींच्या शेवटच्या वेळा सकाळीच विचारून घ्या. चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे पुढचा ब्रेक धरायचा नाही. बोटीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, कॉक बंद, आणि तुम्ही गाडीला धरून उभे.

रात्री चालवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांचे दिवे ६ व्होल्टचे असतात, त्यांच्या उजेडात रस्त्यात बसलेली म्हैस ती उठल्यावर दिसते.

८. मीठ

वाळूत गाडी घालून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. खारं पाणी ड्रममध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि चेनमध्ये शिरतं आणि तिथेच राहतं. गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा. किनाऱ्याने फिरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायची, प्रेशरचं पाणी नको, बादली आणि फडकं. मग ५ मिनिटं चालवून आणायची म्हणजे कोपरे सुकतात.

चेन दर ५०० किलोमीटरला ब्रश आणि रॉकेलने धुवून ९० नंबरचं गिअर ऑइल. मडगार्डच्या आतून आणि चेसिसला खालून जुनं इंजिन ऑइल ब्रशने लावतात, ती पद्धत चांगली आहे. फक्त टायर, ब्रेक आणि रबराला लागू देऊ नका. वायरच्या जोडांना व्हॅसलिन. क्रोमवर खोबरेल लावायचा सल्ला गावोगाव मिळतो, पण त्यावर धूळ बसून जो खवट थर होतो तो काढणं हे वेगळंच काम आहे. साधं वॅक्स लावा.

९. पावसाळा

जांभ्याचा लाल चिखल ड्रममध्ये गेला की लायनर पॉलिश पेपरसारखा घासतो. पावसात चालवणारच असाल तर महिन्याला ड्रम उघडून साफ करा. नसाल तर मृगाच्या आधी गाडी झोपवा:

गाडी धुवून, चालवून, पूर्ण सुकवा. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. टाकीत १०० मिलि टू-टी ऑइल ओतून टाकी सगळ्या बाजूंनी कलती करा. प्लग काढून भोकात १० मिलि ऑइल, इंजिन बंद ठेवून चार-पाच सावकाश किका, प्लग परत. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंधी कोंबा आणि तिला लाल फीत बांधून ती हँडलपर्यंत आणा, म्हणजे विसरणार नाही. बॅटरी काढून घरात. गाडी मधल्या स्टँडवर, खाली फळी, पागोळ्या पडतात त्या कडेपासून लांब. वर प्लॅस्टिक किंवा ताडपत्री टाकू नका, आतून घाम सुटतो. जुनी सुती चादर पुरे. एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी लावा, उंदीर तिथे घर करतात आणि वायरी खातात. पंधरा दिवसांनी एकदा किक हाताने फिरवा.

दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा लगेच किक मारू नका. आधी चिंधी काढा. टाकीतलं ऑइल थोड्या पेट्रोलने धुवून टाका, नवीन पेट्रोल भरा, कॉक उघडून दोन मिनिटं खाली गळतंय का बघा, प्लग पुसा. पहिली दहा मिनिटं निळा धूर येईल आणि शेजारी बाहेर येऊन बघतील. धूर थांबल्यावर दोन्ही ब्रेक सावकाश धरून, अंगणातच, चार-पाच वेळा थांबवून बघा. ड्रमला आतून गंज धरलेला असतो आणि पहिल्यांदा चाक एकदम जखडतं.